बेळगावात पाणी ९७ अंशांवर का थांबतं, आणि गॅसची जास्तीची आच जाते कुठे?

ताई, तुमच्या मुलाचा आकडा बरोबर आहे. वहीत खोडलेला ९७.५ त्याला पुन्हा लिहू द्या, आणि पुढे 'बेळगाव' असं गावाचं नावही लिहायला सांगा.

तुम्ही विचारलेलं असं: आठवीतल्या मुलाने बेळगावच्या शहापुरातल्या घरी प्रयोगाचा थर्मामीटर लावून पाणी उकळलं. पारा ९७ आणि ९८ च्या मध्ये येऊन थांबला. गॅस मोठा केला, बुडबुडे वाढले, पारा मात्र जागचा हलला नाही. पुस्तकात १०० लिहिलंय म्हणून शाळेत त्याचं उत्तर चुकीचं ठरलं. तेव्हा थर्मामीटर बिघडलाय का, आणि मोठा केलेल्या गॅसची उष्णता गेली कुठे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत होईल. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण त्या प्रश्नावरच माझं घर चाललं. मी चौतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यांत काढली. सुरुवात मोल्डरच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याच्या हाताखाली वाळू चाळण्यापासून, आणि शेवटची अठरा वर्षं भट्टीवर. घनाचं द्रव करायचं, द्रवाचं परत घन करायचं, आणि मध्ये कुठे वायू शिरू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम.

तर आधी ९७.५ चं बघू. पाणी उकळतं म्हणजे पाण्याच्या पोटातच वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि टिकतो. वरून हवा पाण्याला दाबत असते. आतल्या वाफेचा जोर त्या दाबाइतका झाला की बुडबुडा टिकतो, नाहीतर जागीच चेपला जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. डोक्यावरची हवा तेवढी कमी, दाबही कमी, त्यामुळे बुडबुड्याला इथे कमी जोर पुरतो. दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. ७५० मीटरला अडीच अंश. शंभरातून अडीच गेले, साडेसत्त्याण्णव राहिले. मुलाने अगदी काटेकोर वाचन घेतलंय.

पुस्तकातलं १०० हे समुद्रसपाटीच्या दाबाचं आहे. ही गोष्ट नवी नाही. अँडर्स सेल्सिअस या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हाच त्याने तपासून लिहून ठेवलं होतं की बर्फ वितळण्याचा बिंदू हवेच्या दाबाने हलत नाही, पण पाणी उकळण्याचा हलतो. प्रेशर कुकर हाच नियम उलट्या बाजूने वापरतो. आत दाब वाढवला की पाणी १२० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही, आणि तूरडाळ लवकर शिजते. उघड्या पातेल्यात शिजवली तर आपल्याकडे तिला मालवणपेक्षा थोडा जास्त वेळ द्यावाच लागतो.

आता दुसरा प्रश्न. आच वाढवली आणि तापमान वाढलं नाही, मग आच गेली कुठे?

गोव्यातून चोर्ला घाट चढून येणारा भरलेला ट्रक डोळ्यांपुढे आणा. खालच्या गिअरवर, पंधराच्या वेगाने, एकसारखा चढतोय. डिझेल सपाटीवर जळतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जळतंय, तरी वेगाचा काटा पंधरावरच. डिझेल वाया गेलं का? नाही. त्या डिझेलने ट्रक उंचावर नेला. वेगाचा काटा उंची दाखवत नाही, म्हणून काहीच झालं नाही असं वाटतं. तापमानाचा काटाही असाच आहे. पाण्याचे कण किती जोरात हलतात एवढंच तो सांगतो. पाणी उकळत असताना दिलेली उष्णता कणांचा वेग वाढवत नाही, ती त्यांना एकमेकांच्या पकडीतून सोडवून दूर नेते. त्या कामाची नोंद थर्मामीटरवर उमटत नाही. अठराव्या शतकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने हे पहिल्यांदा नीट मोजलं आणि त्या उष्णतेला नाव दिलं. त्यालाच मराठी पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. नाव चांगलं आहे. उष्मा आहे, फक्त प्रकट नाही.

तो किती असतो हे एकदा आकड्यात पाहिलं की विसरत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांपासून आपल्या ९७.५ पर्यंत न्यायला साधारण ३०० किलोज्यूल (उष्णता मोजायचं माप) लागतात. आणि तेच पाणी पूर्ण आटवायला सुमारे २,२६० किलोज्यूल. साडेसातपट! मुलाला घरी याचा अंदाज घेता येईल. उकळी यायला दहा मिनिटं लागली असतील, तर त्याच आचेवर सगळं पाणी आटायला सव्वा तासाच्या आसपास लागेल. आणि या सव्वा तासात पारा जागेवरच. याचा स्वयंपाकघरात सरळ फायदा आहे. बटाटे उकळत ठेवले आणि उकळी आली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेवर पाणी जास्त आटतं, बटाटा लवकर शिजत नाही, कारण त्याला मिळणारं तापमान तेच.

आपला कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई, याच कारणाने धीर धरायला लावतो. दुधात पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभराच्या आसपास अडकून राहतं. पाणी सरत आलं की हा अटकाव सुटतो, तापमान वर सरकतं, आणि तेव्हा कुठे दुधाला तो तपकिरी रंग आणि वास यायला लागतो. त्याच वेळी हलवायचं थांबलात तर करपतो. पाणी असेपर्यंत तेच कढईला राखत होतं.

वितळतानाही असंच. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत गेलं असतं. आता माझ्या धंद्यातला आकडा सांगतो. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. त्या तापमानाला पोहोचलेलं एक किलो लोखंड वितळवायला लागणारा अप्रकट उष्मा आहे २४७ किलोज्यूल. बर्फापेक्षा कमी! मी हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुपरवायझरला पुन्हा विचारलं होतं. किलोला किलो धरलं तर बर्फाची पकड सोडवायला लोखंडापेक्षा जास्त उष्णता द्यावी लागते. लोखंडाचा खरा खर्च त्याला तिथपर्यंत तापवण्यात आहे. इंडक्शन भट्टीत टनाला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज जाते, त्यात नुसत्या वितळण्याच्या वाट्याला सत्तरच्या आतबाहेर येतात. बाकी तापवण्यात आणि वाटेतल्या गळतीत.

हा अप्रकट उष्मा कुठे नाहीसा होत नाही, उलट फिरताना तो जसाच्या तसा परत मिळतो. वाफेचं पाणी होताना, पाण्याचा बर्फ होताना, लोखंड गोठताना. म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जबर असतो. पाणी फक्त आपल्या तापमानाएवढी उष्णता देतं. वाफ आधी पाणी होते, त्याची सगळी उष्णता कातडीवर टाकते, आणि मग गरम पाणी म्हणून पुन्हा भाजते. कुकरच्या शिटीखाली हात घालू नको असं मुलाला सांगताना हे कारणही सांगा, कारण कळलं की मुलं ऐकतात.

आता आमच्या भट्टीवरची एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या मुलाने पाण्यात जे पाहिलं तेच आम्ही लोखंडात रोज बघायचो, आणि त्यावर निर्णय घ्यायचो.

बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या भागात, लोखंडाबरोबर साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. हे प्रमाण थोडं चुकलं की माल एकतर इतका कडक होतो की मशिनिंगला टूल टिकत नाही, किंवा नको तेवढा मऊ. क्युपोलाच्या, म्हणजे कोळशावरच्या जुन्या उभ्या भट्टीच्या काळात आम्ही पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून, गार करून, फोडून बघायचो. फोडलेल्या तोंडाला पांढरी कड किती, करडा भाग किती, यावरून अंदाज. पुढे कप आला. वाळूचा छोटा चौकोनी कप, आपल्या चहाच्या कपाएवढा, आत काचेच्या बारीक नळीत तापमान मोजणारी तार. पळीने मेटल काढायचं, कपात ओतायचं आणि समोरच्या पडद्यावर नजर ठेवायची.

आकडा भराभर उतरायला लागतो. १,२५०, १,२२०, १,२००. आणि मग ११७० ते ११९० च्या दरम्यान कुठेतरी एकदम अडखळतो. रेघ जवळजवळ आडवी होते. बाहेर तीस अंशांची हवा आहे, कप लालभडक आहे, उष्णता सारखी बाहेर जातेय, आणि तरी आकडा थांबतो. कारण आत पहिले घन कण तयार व्हायला लागलेले असतात आणि ते आपला अप्रकट उष्मा सोडतात. बाहेर जाते तेवढी आतून भरून निघते. थोड्या वेळाने रेघ पुन्हा खाली सरकते आणि १,११५ च्या आसपास दुसऱ्यांदा थांबते, यावेळी जास्त वेळ. तिथे उरलेलं सगळं गोठतं. या दोन थांब्यांवरून यंत्र कार्बन आणि सिलिकॉनचं प्रमाण काढून देतं. पहिला थांबा आठ अंश खाली आला तर कार्बनचा हिशेब साधारण ०.०६ टक्क्याने वाढला असं समजायचं. दोन-तीन मिनिटांत निर्णय व्हायचा, भट्टीत कार्बन टाकायचा की स्टीलचं भंगार.

दहा माणसं साचे भरायला लेडल, म्हणजे वितळलेलं मेटल ओतायची भांडी, घेऊन उभी आहेत आणि सगळे त्या आडव्या रेघेची वाट बघतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुमच्या मुलाने स्टीलच्या पातेल्यात तीच आडवी रेघ पाहिली.

कपाच्या आत टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याचा लेप असतो, तो मेटलला ठरलेल्या पद्धतीने गोठवतो. लेप नसलेल्या कपात आणखी एक बघण्यासारखी गोष्ट होते. तापमान गोठण्याच्या बिंदूच्या काही अंश खाली उतरतं तरी मेटल द्रवच राहतं, आणि मग गोठायला सुरुवात झाली की आकडा चक्क वर चढतो. आच नाही, वीज नाही, तरी चढतो! दाबून ठेवलेला उष्मा एकदम बाहेर पडतो म्हणून. द्रवाला घन व्हायला आधार लागतो, कुठेतरी पहिला कण बसावा लागतो. तो नसला की द्रव ताटकळत राहतो. म्हणूनच ओतण्याआधी लेडलमध्ये मूठभर फेरोसिलिकॉनचे (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रणाचे) दाणे टाकतात. त्यांच्याभोवती ग्राफाइट धरायला सुरुवात होते.

आता तुमच्या मनात येईल, शुद्ध लोखंड १,५३८ ला वितळतं, मग हे बीड १,११५ पर्यंत द्रव कसं राहिलं? कार्बनमुळे. एका पदार्थात दुसरा मिसळला की बहुतेक वेळा गोठण्याचा बिंदू खाली येतो. जत्रेत लाकडी पॉटमध्ये आईस्क्रीम फिरवतात, त्यात बर्फात मीठ टाकतात ते यासाठीच. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, बर्फ वितळायला लागतो, वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या डब्यातल्या दुधातून ओढतो, आणि दूध गोठतं. नीट प्रमाण जमलं तर मीठ-बर्फ उणे २१ अंशांपर्यंत जातो. लोखंडाला कार्बन म्हणजे बर्फाला मीठ. माणसाला बीड ओतता आलं ते कार्बनमुळे. नाहीतर १,५३८ अंश साध्या कोळशाच्या भट्टीत गाठणं फार अवघड.

आणि मिश्रण असलं की थांबाही एका आकड्यावर राहत नाही, तो पसरतो. संकेश्वर-हुक्केरीकडच्या गुऱ्हाळावर हे छान दिसतं. काहिलीतला रस आधी पाण्यासारखाच शंभराच्या आसपास उकळतो. पाणी उडत जातं, साखर तिथेच राहते, आणि उकळण्याचं तापमान हळूहळू चढतं. १०५ च्या आसपास काकवी, ११८ च्या आसपास गूळ. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. तो एक थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. एखाद-दोन अंश चुकले तर ढेप नीट बसत नाही. त्याच्या बोटांना जे कळतं तेच आम्हाला पडद्यावर दिसायचं.

घरातलं उदाहरण हवं तर खोबरेल तेल घ्या. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून बेळगावच्या डिसेंबरात सकाळी बाटलीतून निघत नाही आणि दुपारी ओघळतं. तूपही मिश्रण, म्हणून ते आधी मऊ पडतं, मग रवाळ, मग पातळ. बर्फाला अशी मधली पायरी नाही. डांबराला तर ठराविक वितळणबिंदूच नाही, ते नुसतं मऊ होत जातं.

गोठताना आणखी दोन गोष्टी होतात, आणि फाउंड्रीतली निम्मी डोकेदुखी त्यांचीच. पहिली, आकार. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. ॲल्युमिनियम सुमारे सहा टक्के आकसतं. साच्यात ओतलेलं मेटल आधी भिंतींना धरतं, जाड भाग शेवटी गोठतो, आणि तोवर बाकीच्यांनी त्याच्यातलं द्रव ओढून घेतलेलं असतं. मग मध्ये पोकळी राहते. बाहेरून गुळगुळीत, लेथवर चढवलं की भोक उघडं. त्यासाठी साच्यावर रायझर ठेवतो, म्हणजे जादा मेटलचा साठा, जो सगळ्यांत शेवटी गोठेल आणि आकसणाऱ्या भागाला पाजत राहील. पाणी मात्र उलट वागतं, गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. काचेची भरलेली बाटली फ्रीझरमध्ये फुटते ती यामुळे. करडं बीडही थोडं पाण्याच्या बाजूचं. गोठताना त्यात ग्राफाइटची पानं तयार होतात, ती जागा घेतात आणि आकसणं बरंचसं भरून काढतात. म्हणून बिडाला स्टीलपेक्षा लहान रायझर पुरतो.

दुसरी गोष्ट, वायू. फ्रीझरमधला बर्फाचा खडा उजेडात धरून बघा. कडा काचेसारख्या आणि मध्ये पांढरा धूसर. पाण्यात हवा विरघळलेली असते, बर्फात तिला जागा नाही. बाहेरून आत गोठत जाताना बर्फ तिला पुढे ढकलतो, आणि शेवटी मध्यभागी बारीक बुडबुडे अडकतात. ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजनचं नेमकं हेच होतं. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये घनापेक्षा जवळजवळ वीसपट हायड्रोजन मावतो. गोठताना तो बाहेर पडतो आणि कास्टिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. हा हायड्रोजन येतो मुख्यतः ओलाव्यातून. बेळगावचा जुलै-ऑगस्ट म्हणजे या भोकांचा मोसम. वाळू ओली, भंगार ओलं, हवाच ओली.

ओलाव्याचं एक सांगतोच, कारण ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. जूनचा दुसरा आठवडा, रात्रभर पाऊस, आणि मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो तिथे भंगार उघड्यावर. सकाळी घाई होती. नव्या पोराने एक पाइपचा तुकडा भट्टीत टाकला, दोन्ही टोकं चेपलेला, आत पाणी. वरून पुसलेला होता, म्हणून कोरडा वाटला. "वाळलंय का बघितलास काय गा?" असं आमचा जुना मेल्टर ओरडला, पण तोवर पाइप मेटलखाली गेला होता. आवाज असा झाला की पत्रे हादरले, आणि मेटल छतापर्यंत उडालं. त्या पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो वाचला, पण फाउंड्रीत परत आला नाही.

एका चमच्याभर पाण्याची शंभर अंशांना आठ लिटरहून जास्त वाफ होते, आणि भट्टीच्या तापमानाला त्याच्याही चौपट जागा घेते. मेटलच्या वर पडलेला थेंब तापलेल्या तव्यावरच्यासारखा वाफेच्या गादीवर नाचतो आणि उडून जातो. खाली अडकलेल्या पाण्याला वाट नसते. द्रवाचा वायू एका क्षणात होतो आणि वरचं सगळं घेऊन उडतो. त्यानंतर भंगार छताखाली गेलं, बर्नरने तापवल्याशिवाय भट्टीत काही टाकायचं नाही असा नियम झाला, लेडल लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय मेटल घ्यायचं नाही असंही ठरलं. यासाठी एका पोराचा हात भाजायला नको होता. आजही कुणी ओल्या भंगाराकडे दुर्लक्ष करताना दिसला तर मी बोलल्याशिवाय राहत नाही.

पितळेच्या भट्टीवर वायू वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. पितळेत तांबं आणि जस्त. तांबं १,०८५ ला वितळतं, जस्त ९०७ ला उकळतं! म्हणजे पितळ जरा जास्त तापलं की त्यातलं जस्त वायू होऊन निघून जातं. भट्टीवर जो पांढरा धूर दिसतो तो हवेत गेल्यावर जळलेलं जस्त. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. यावर गूळ खा, दूध प्या असं सांगतात. त्याने धूर छातीतून निघत नाही. खिडक्या, पंखा, मास्क आणि भट्टी बेताने तापवणं हाच उपाय.

वाफेबद्दल एक गैरसमज जाताजाता. किटलीच्या तोंडातून पांढरं निघतं ते वाफ म्हणून दाखवलं जातं. नीट बघा, तोंडाला लागून बोटभर जागा रिकामी दिसते. खरी वाफ तिथे आहे, ती दिसत नाही. पुढचं पांढरं म्हणजे गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीकडे पावसाळ्यात गाडीच्या काचेपुढे उतरतं ते धुकंही द्रवच, वायू नव्हे. फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरून सुटणारा घाम बाटलीतून झिरपलेला नसतो, तो हवेतल्या वाफेचा.

आणि पाण्याची वाफ व्हायला उकळायलाच पाहिजे असं नाही. पृष्ठभागावरचे चपळ कण कुठल्याही तापमानाला निसटत असतात. जाताना आपल्या वाट्याची उष्णता घेऊन जातात, मागे राहिलेलं पाणी गार होतं. खानापूरच्या मातीचा माठ याच हिशेबावर चालतो. अंगातून पाणी झिरपतं, उडतं, आतलं गार पडतं. एप्रिलमध्ये उत्तम, जुलैमध्ये नाही, कारण हवेत आधीच वाफ भरलेली असते, जाणाऱ्याइतकेच कण परत येतात. दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत तेही यामुळे. चहाच्या टपरीवर मोठी शेगडी चालू असताना सिलिंडरचा खालचा भाग ओला आणि गार लागतो, तोही माठच. आत गॅस दाबाखाली द्रव आहे, उकळून वायू होतोय आणि उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून ओढतोय. कापूर आणि डांबराच्या गोळ्या मात्र मधली द्रवाची पायरी न घेता सरळ उडतात.

आता मुलासाठी काम. बर्फ बारीक फोडून पातेल्यात घ्या, थर्मामीटर मध्ये धरा, मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळत दर मिनिटाला आकडा लिहा. शून्याला एक आडवी रेघ येईल, मग चढण, मग साडेसत्त्याण्णवला दुसरी आडवी रेघ. आलेख कागदावर काढायला लावा. पहिल्या रेघेची लांबी मोजू दे. दुसऱ्या रेघेचा शेवट बघण्यासाठी पातेलं कोरडं पडू देऊ नका. थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेचाच हवा, तापाचा चालणार नाही, फुटेल. थर्मामीटरचं टोक पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका, तिथे आकडा जास्त येतो.

मे महिन्यात वेंगुर्ल्याला किंवा गोव्याला गेलात तर हाच थर्मामीटर बरोबर न्या. तिथे किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात पातेलंभर पाणी उकळून त्याच पानावर, ९७.५ च्या खाली, दुसऱ्या गावाचं नाव आणि तिथला आकडा लिहू द्या. शाळा उघडली की ते पान बाईंना दाखवायला सांगा.